सर्व्हरवाले सर

तालुक्याच्या प्रत्येक गावी एक सर्व्हरवाले सर असतातच. कंधारात ते बहुधा गणिताचे. लग्नात पंगत बसली तरी हे नवरदेवाच्या भावाला कोपऱ्यात गाठून सांगत असतात, "फोटो गुगलला कशाला देता? आपल्या घरी ठेवा की!"

आपलं घर म्हणजे देवघराशेजारचं फडताळ. तिथं एक जुना लॅपटॉप रात्रंदिवस घरघरत असतो. त्यातलं इमिच फोटो सांभाळतं, जेलीफिन सिनेमे दाखवतं आणि त्याच्या उबेवर पापड वाळतील का, याचा मॅडम अंदाज घेत असतात.

गंमत सुरू होते घराबाहेर पडल्यावर. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सुमारे 429 कोटी. ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून कंपन्या पुष्कळ गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. बाहेरून सरांच्या लॅपटॉपपर्यंत पोचायला वाटच उरत नाही. सर कंधारच्या किल्ल्याच्या खंदकाकडे बोट दाखवतात : "राष्ट्रकूटांच्या काळापासून हेच चालू हाय. बाहेरचा आत येत नसतो. मग आतल्यानंच बाहेर दोर टाकायचा!"

दोर म्हणजे क्लाउडफ्लेअरचा टनेल. लॅपटॉपमधला छोटासा प्रोग्राम आपणहून कंपनीशी संधान बांधून बसतो आणि बाहेरची मागणी त्याच वाटेनं आत येते. राउटरचा एकही पोर्ट उघडावा लागत नाही. 2021पासून हे फुकट आहे, आणि 'फुकट' म्हणताना सरांचा आवाज वर्गातल्यासारखा चढतो.

गुगल नको म्हणून एवढा खटाटोप, अन् वाट दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या अंगणातून! तिथं मजकूर उलगडून पुन्हा बांधला जातो, म्हणजे मनात आणलं तर कंपनीला तो वाचता येतो. हे काढलं की सर चिडत नाहीत, टेलस्केल नावाच्या दुसऱ्या दोरावर येतात. त्यात मजकूर उलगडायच्या चाव्या आपल्याच उपकरणांत राहतात, मधल्याला काही दिसत नाही. पण त्यासाठी प्रत्येक फोनवर ॲप हवं, आणि सासूबाईंच्या फोनवर ॲप टाकणं सरांच्याही आवाक्याबाहेरचं.

18 नोव्हेंबर 2025 रोजी क्लाउडफ्लेअर काही तास आडवं झालं. दुसरा कुणी हिरमुसला असता. सर मात्र गावभर सांगत हिंडले, "चॅटजीपीटी आणि मी, दोघंबी एकाच कारणानं बंद!" मॅडमचं दुखणं साधं : "अहो, लाईट गेली तरी गुगलचे फोटो दिसतेत की."

हसा खुशाल, पण माणूस एका बाबतीत पक्का आहे. नुसता टनेल म्हणजे सुरक्षा नव्हे. साइटचं नाव कळलेला कुणीही थेट लॉगिनच्या पानावर धडकतो. म्हणून सरांनी अलीकडेच पहारा बसवलाय : ठरलेल्या ईमेलवर आलेला कोड टाकल्याशिवाय पान उघडतच नाही, सासूबाईंनाही नाही. तुम्ही टनेल टाकून हा पहारा बसवला नसेल, तर आज रात्रीच बसवा.