बॅचचा तलाठी

दहावीच्या प्रत्येक बॅचला एक तलाठी असतो. त्याची नेमणूक कोणी केलेली नसते, पगार नसतो, पण दप्तर असतं. कोणाचा बंगला सिडकोत एन-वनला झाला, कोणाची बदली नांदेडला झाली, कोणाची अँजिओप्लास्टी झाली, कोणाच्या मुलीचं जमलं आणि कोणाच्या मुलाचं मोडलं, या सगळ्याची बिनचूक नोंद त्याच्याकडे असते. खऱ्या तलाठ्याकडे आपल्याला हेलपाटे मारावे लागतात. हा आपल्याकडे हेलपाटे मारतो. "आहेस का घरी? इथूनच चाललो होतो," म्हणत दारात उभा राहतो. सिडकोतून गारखेड्याला जाणाऱ्या माणसाला वाटेत पडेगाव लागत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यालाही ठाऊक असतं. चहा होतो, आणि कपबशी खाली ठेवता ठेवता तो विचारतो, "मग, येऊ राहिला ना गेट-टुगेदरला?"

छत्रपती संभाजीनगरात असे तलाठी गल्लोगल्ली सापडतात, कारण इथल्या शाळांना वय आहे. सरस्वती भुवन संस्था १९१५ची. बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केलं ते १९५० साली, आणि नागसेनवनात शिकून गेलेल्यांच्या पिढ्याच्या पिढ्या झाल्या. पुढे सिडको आलं आणि एन-अमुक, एन-तमुक करत आकडे वाढले तशा शाळाही वाढल्या. दिवाळी ते जानेवारी कुठल्याही रविवारी औरंगपुरा, खडकेश्वर, सिडको अशी चक्कर मारा. कुठल्या ना कुठल्या फाटकावर 'पुन्हा एकदा वर्ग भरला' असा फ्लेक्स दिसेल. त्यावर गॉगल लावलेले, ढेरी आत ओढून धरलेले आजी काका आणि माजी विद्यार्थी असतील. फ्लेक्सवर ज्याचा फोटो नाही, तो तलाठी. फ्लेक्स बांधायला तोच शिडीवर चढलेला असतो.

तलाठी कोण होतो, याचा एक नियम आहे. वर्गाचा मॉनिटर कधीच होत नाही. पहिला नंबरवाला होत नाही. स्नेहसंमेलनात शिवाजी महाराज झालेला तर नाहीच नाही. त्याला आयुष्यभर कोणीतरी बोलवायला यावं लागतं. तलाठी होतो तो ज्याचं शाळेत असणं कोणाच्या लक्षात राहिलेलं नाही असा मुलगा.

आमची दहावी १९८८ची. तुकड्या चार. अ तुकडीत हुशार मुलं, ब मध्ये हुशारांचे शेजारी, क मध्ये क्रिकेटची टीम आणि ड मध्ये उरलेले. निकाल लागला आणि अ तुकडीने स्टेशन गाठलं. तेव्हा इथून मीटरगेजची गाडी जायची आणि मुंबईला जायचं तर मनमाडला उतरून मोठ्या गाडीत बसावं लागायचं. मनमाडला ज्याने गाडी बदलली तो बदललाच. कोणी पुण्याला थांबला, कोणी बंगळुरूला, काही थेट न्यू जर्सीला. आता ब्रॉडगेज आहे, वंदे भारत आहे, समृद्धी महामार्ग आहे. यायचे रस्ते वाढले, येणारे तेवढेच राहिले. ड तुकडी मात्र हलली नाही. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये आला होता, त्याच्यामागे लहानमोठे कारखाने येत होते. मुलांनी आयटीआय केलं, बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या, हप्त्यावर घरं घेतली. आमचा तलाठी तिथल्याच एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. नटबोल्टपासून बेअरिंगपर्यंत प्रत्येक वस्तूची आवक-जावक लिहून ठेवायची सवय हाताला लागलेली. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर नटबोल्ट संपले, सवय राहिली. मग त्याने आम्हाला लिहायला घेतलं.

दहावीच्या ग्रुप फोटोत तो आहे. म्हणजे मागच्या रांगेत एका उंच मुलाच्या खांद्याआड एक कान दिसतो, तो आपला असल्याचं तो शपथेवर सांगतो. दोघांनी त्या कानावर दावा सांगितला होता. एकाने नंतर माघार घेतली.

शोधमोहीम सुरू झाली तेव्हा त्याच्याकडे फक्त हजेरीपटाची झेरॉक्स होती. पदमपुऱ्यात जुनं घर शोधत गेला तर तिथे मोबाइलचं दुकान. दुकानदाराला माहीत नव्हतं, पण समोरच्या पानवाल्याला होतं. पानवाल्याने मामाचा पत्ता दिला, मामाने मावशीचा, मावशीने आधी लग्नाच्या मुलीची चौकशी केली आणि मग नंबर दिला. लग्नपत्रिका, विम्याच्या पावत्या, दहाव्याच्या जाहिराती, सगळं वाचून झालं. सर्वांत कठीण काम मुलींचं. मुलांची नावं होती तिथे होती. मुलींच्या नावांचा फेरफार झालेला. आडनाव बदललेलं, काहींचं नावही बदललेलं. तलाठ्याने त्यांचे भाऊ गाठले. भाऊ गावातच दुकान चालवत असतो, हा त्याचा अनुभव. प्रत्येक भावाने आधी संशयाने विचारलं, "काय काम आहे तिच्याकडे?" छत्तीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न याच भावाने याच सुरात विचारला असता तर तलाठी सायकलवरून पळाला असता. आता तो खुर्ची ओढून बसायचा आणि वर्गणीची पावती दाखवायचा.

मुली सापडल्यावर वेगळाच पेच पडला. वर्गात आम्ही त्यांच्याशी बोललोच नव्हतो, त्यामुळे त्यांना काय म्हणायचं हे ठरलेलं नव्हतं. 'अगं' म्हणावं तर ती मुख्याध्यापिका होऊन बसलेली. 'अहो' म्हणावं तर पुलाखालून फार पाणी वाहून गेल्यासारखं वाटायचं. एकाने 'ताई' म्हणून बघितलं, तिने ग्रुप सोडला. शेवटी तलाठ्याने फर्मान काढलं: सगळ्यांनी सगळ्यांना अरे-तुरे करायचं. फर्मान सर्वांनी पाळलं. अपवाद फक्त पोलिसात गेलेल्या मित्राचा. त्याला सगळे अजून साहेब म्हणतात, आणि ज्यांची गाडी कधी ना कधी क्रांती चौकात अडवली गेली आहे ते जरा जास्तच म्हणतात.

मग ग्रुप. ग्रुपचं नाव होतं 'दहावी ८८, औरंगाबाद'. २०२३ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे बदललं आणि ग्रुपवर दोन दिवस झोप नव्हती. एकाने सांगितलं, लगेच बदला. दुसरा म्हणाला, माझ्या मार्कमेमोवर जे आहे तेच ठेवा. इतिहासवाला म्हणाला, तसं तर मलिक अंबरने १६१०च्या सुमारास वसवलं तेव्हा ते खडकी होतं, मग फतेहनगर झालं. त्यावर पुण्यातल्याने विचारलं, 'खडकी तर आमच्याकडे आहे, तुमच्याकडे कुठून आली?' आणि भांडणाला नवी शाखा फुटली. तलाठ्याने पहाटे साडेपाचला ग्रुपचं नाव 'आपला वर्ग' केलं आणि खाली गुलाबाचं फूल टाकलं. ज्या प्रश्नाने राजकारण्यांना इतकी वर्षं काम पुरवलं, तो त्याने चहा व्हायच्या आत निकालात काढला.

तारीख ठरवणं याहून अवघड. अमेरिकावाल्यांना नाताळची सुट्टी हवी, शिक्षकांना परीक्षा आड येते, व्यापाऱ्यांना लग्नसराई. शिवाय शहराचं स्वतःचं पंचांग आहे. इथे नळाला रोज पाणी येत नाही; प्रत्येक भागाचा पाण्याचा वार वेगळा. नाथसागर काठोकाठ भरो की तळाला जावो, आपला वार आला की घरातल्या एका माणसाने मोटर, पाइप आणि ड्रम घेऊन उभं राहायचंच. "त्या रविवारी आमच्याकडे पाणी आहे," हे कारण इथे लग्नालासुद्धा चालतं. तलाठ्याने कागदावर आडव्या रेघांत वसाहती आणि उभ्या रेघांत वार मांडून एक तक्ता केला. फक्त एकच रविवार असा निघाला की कोणाकडेच पाणी नव्हतं. तो मुहूर्त धरला.

माणसं एका जागी आणण्याचा या परिसराला जुना अनुभव आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७च्या सुमारास दिल्लीची राजधानी आणि दिल्लीची माणसं दौलताबादला आणली आणि काही वर्षांनी परत नेली. त्याच्याकडे फौज होती. आमच्या तलाठ्याकडे एक फोन, त्याचीही काच तडकलेली. तुघलक गेल्यावर त्याच्या लवाजम्याच्या दोन खुणा इथे राहिल्या असं सांगतात: हिमरूचं विणकाम आणि नान-कलिया. आमच्या मेळाव्यातही नेमक्या याच दोन विषयांवर वाद झाले. शिक्षकांचा सत्कार अस्सल हिमरूने करायचा की हिमरूसारख्या दिसणाऱ्या शालीने? सूत आणि रेशमाचं खरं हातमागाचं काम महाग. तलाठ्याने हिशेब मांडला: एका सरांना खरी शाल, की अकरा शिक्षकांना हिमरूसारखी? खरी घेतली. बाकीच्या दहा जणांसाठीचे पैसे कुठून आले, हे दप्तरात नाही. नान-कलियाचा प्रश्न मात्र शाकाहारी, मधुमेही आणि सोमवार-शनिवार पाळणारे यांच्या कात्रीत सापडला आणि अखेर वरण-बट्टी झाली. नान-कलियावाले रात्री शहागंजच्या बाजूला गेले. ते गेले याचीही नोंद आहे.

मेळाव्याच्या दिवशी आम्ही छातीला नावाची पट्टी लावून शाळेत शिरलो. पट्टीशिवाय कोणी कोणाला ओळखत नव्हतं, आणि पट्टी वाचायला चष्मा काढावा लागत होता की लावावा लागत होता, यावरही एकमत नव्हतं. हॉलमध्ये शिरताच चमत्कार झाला. पन्नाशी उलटलेली माणसं कोणी न सांगता आपापल्या तुकडीप्रमाणे बसली. अ तुकडी पुढे, ड तुकडी दारापाशी. अ तुकडीत सगळे पुण्याच्या फ्लॅटचे भाव सांगत होते. ड तुकडी ज्या जमिनींबद्दल बोलत होती, त्यांच्या भावात तो फ्लॅट दोनदा आला असता.

सर आले. नव्वदीच्या घरातले. निजामाच्या राज्यात त्यांचं शिक्षण सुरू झालं. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा मोकळा झाला तेव्हा ते शाळकरी होते. त्यामुळे शिकवायचे मराठीत आणि रागवायचे उर्दूत. त्यांना हिमरू पांघरली, श्रीफळ दिलं आणि हजेरी घ्यायची विनंती केली. सरांनी झेरॉक्स डोळ्यांपाशी धरली. एक एक नाव, एक एक 'हजर सर'. जे आता नाहीत त्यांच्या नावाला सर थांबले नाहीत. हजेरीपटावर तलाठ्याने आधीच बारीक पेन्सिलीची खूण केली होती, तिथे त्यांनी मान हलवली आणि पुढचं नाव वाचलं. मग ड तुकडी आली, तलाठ्याचं नाव आलं. "हजर सर."

सरांनी मान वर केली, नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "तू होतास आमच्या शाळेत?"

हॉल हसून हसून कोसळला. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. "होतो सर. तुम्ही दोन वर्षं मला वर्गाबाहेर उभं करायचे, म्हणून पाहिलं नसेल." सरांनी त्याला 'बदतमीज' म्हटलं आणि जवळ बोलावून त्याच्या पाठीवर थाप मारली. आम्हाला कोणालाच मारली नव्हती.

मग ओळखपरेड. प्रत्येकाला दोन मिनिटं. ज्यांनी शाळेत तोंड उघडलं नव्हतं त्यांनी अकरा मिनिटं घेतली. एकाने आपल्या कंपनीची उलाढाल सांगितली, एकीने सांगितलं की संस्कृतच्या तासाला मागून कागदाचे बोळे कोण मारायचं हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. पाच पुरुष एकदम खाली बघू लागले. तलाठी माइकपाशी आला नाहीच. तो बट्ट्या किती उरल्या ते बघत होता. फोटो निघाले, शेकड्याने निघाले. त्यांत तो कुठेच नाही, या वेळी कानसुद्धा नाही. फोटो तोच काढत होता.

रात्री आम्ही चौघे-पाचजण उस्मानपुऱ्यात पान खायला थांबलो. तलाठी डायरी उघडून हिशेब लिहीत होता. मी विचारलं, "कशाला करतो बे एवढं? तुझी बायको म्हणत होती, पोरीच्या लग्नातही एवढा पळाला नाहीस."

"लग्नाला मंगल कार्यालयवाला होता," तो म्हणाला. "तुमचं कोण बघणार? अ तुकडी गावाबाहेर गेली. तिला गावात आल्यावर विचारायला एक माणूस पाहिजे का नाही? मी गेलो असतो तर मलाही पाहिजे असता. मी गेलो नै. मंग मीच तो."

न्यू जर्सीवाल्याने खिशात हात घातला. पान, रात्र आणि जुने मित्र यांचा एकत्र अंमल झालेला. म्हणाला, "पुढच्या वेळचा सगळा खर्च माझा. आकडा सांग फक्त."

तलाठ्याने डायरीतून मान वर केली नाही. त्या पानावर फक्त एका नावापुढे रकाना रिकामा होता.

"पुढचं पुढं पाहू," तो म्हणाला. "तुझे या वेळचे पंधराशे यायचेत. तेवढेच टाक, जास्त नको. वर्गणी अ ला आणि ड ला सारखी आहे."