स्कायलाइन निवडताना : नोएडातल्या होतकरूंसाठी मार्गदर्शक

सर्वप्रथम अभिनंदन. निस्सान स्कायलाइन जीटी-आरची नेमकी कोणती आवृत्ती घ्यावी, हा प्रश्न तुम्हाला पडला आहे. याचा अर्थ आयुष्यातले बाकीचे प्रश्न एक तर सुटलेत, नाहीतर तुम्ही त्यांचा नाद सोडलाय. दोन्ही परिस्थितींत हे मार्गदर्शन उपयोगी पडेल. पुण्या-नाशकाहून नोकरीसाठी येऊन एक्स्प्रेसवेच्या कडेला, विसाव्या मजल्यावर हप्ते भरत बसलेला मराठी माणूस डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिलं आहे.

लागणारं साहित्य : एक फोन, थोडी झोपमोड आणि समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकून न घेण्याची सवय. पैसे लागत नाहीत. गाडी विकत घेणं हा निराळाच छंद आहे; निवडीशी त्याची गल्लत करू नका.

१. आधी पिढी ठरवा.
उमेदवार तीन : आर-३२ (१९८९ ते १९९४), आर-३३ (१९९५ ते १९९८) आणि आर-३४ (१९९९ ते २००२). तिघींच्या बॉनेटखाली तेच २.६ लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडर आणि दोन टर्बो असलेलं आरबी-२६ इंजिन आहे. म्हणजे प्रश्न अर्धा तिथेच मिटला होता. पण असं बोलून दाखवणाऱ्याला या क्षेत्रात कुणी दारात उभं करत नाही.

आर-३२ची बाजू घेणार असाल तर ऑस्ट्रेलिया काढा. तिथल्या 'व्हील्स' मासिकाने १९८९ मध्ये तिला 'गॉडझिला' म्हटलं, आणि १९९१ व १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षं तिने बॅथर्स्टची शर्यत मारली. आर-३४ आवडत असेल तर काही न बोलता फक्त उसासा टाका, तेवढं पुरतं. विद्वान ठरायचं असेल मात्र, तर आर-३३ घ्या. सगळे तिला जाडी म्हणून नाकं मुरडतात. तुम्ही "न्युर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर आठ मिनिटांच्या आत आली होती ती" एवढंच म्हणा आणि चहाचा घोट घ्या. समोरचा खातरजमा करायला फोन काढतो, तेवढ्यात विषय तुमच्या ताब्यात.

२. उपप्रकाराशिवाय तोंड उघडू नका.
"मला आर-३४ आवडते" हे वाक्य शाळकरी पोरंही बोलतात. व्ही-स्पेक म्हणा. लगेच दुरुस्ती करून व्ही-स्पेक टू म्हणा, कारण २००० साली तिला कार्बन फायबरचं बॉनेट मिळालं. आधीचं अ‍ॅल्युमिनियमचं होतं. कुणी हे आधीच सांगितलं तर एम-स्पेककडे वळा. तिचं बॉनेट पुन्हा अ‍ॅल्युमिनियमचं आहे, सस्पेन्शन थोडं मवाळ आणि सीट चामड्याच्या, गरम होणाऱ्या. जूनमध्ये नोएडाच्या उन्हात दुपारभर उभी केलेली कुठलीही गाडी सीटच्या बाबतीत एम-स्पेकच असते, तेव्हा इथे जास्त रेंगाळू नका.

शिखरावर आहे न्यूर. २००२ मध्ये निरोपाची म्हणून जेमतेम हजारभर गाड्या काढल्या. शर्यतीच्या एन-वन इंजिनावर आधारलेलं इंजिन आणि ३०० पर्यंत आकडे असलेला स्पीडोमीटर. नोएडा-ग्रेटर नोएडा एक्स्प्रेसवेवर मर्यादा १०० ची आहे, त्यामुळे त्या मीटरचे दोन तृतीयांश आयुष्यभर कोरे करकरीत राहतात. संग्राहकांच्या भाषेत याला 'मिंट कंडिशन' म्हणतात.

३. ताकदीचे आकडे सांगताना आवाज खाली आणा.
जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलं होतं, की २८० पीएसच्या वर ताकद जाहीर करायची नाही. हा समझोता २००४ पर्यंत चालला. आत घोडे किती बांधलेत ते सगळ्यांना ठाऊक होतं; कागदावर मात्र २८०. नोएडात फ्लॅट घेतलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सुपर एरिया आणि कार्पेट एरिया यांच्यातला हा तोच फरक आहे, फक्त इथे माल कागदापेक्षा जास्त निघतो. त्यामुळे आपल्या लोकांना पहिल्यांदा त्यावर विश्वासच बसत नाही.

४. रंगावर भांडण ठेवा.
बेसाइड ब्लू सोपा आहे, म्हणून टाळा. एका चित्रपटात वापरलेली त्या रंगाची आर-३४ मे २०२३ मध्ये लिलावात साडेतेरा लाख डॉलरच्या वर गेली. तेव्हापासून तो रंग आवडणं हे श्रीमंतांचं काम झालंय. मिडनाइट पर्पल निवडा. उन्हाच्या कोनाप्रमाणे तो रंग बदलतो. नोव्हेंबरात नोएडात ऊनच नसतं, तिथे कोन कुठून आणणार? निर्माणाधीन टॉवरांची धूळ बसली की आठवडाभरात सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या होतात. म्हणून तर रंगाचा वाद इथे शुद्ध तात्त्विक पातळीवर राहतो. जपा त्याला.

५. आता गाडीचं वय आणि कायदा यांची पत्रिका जुळवा.
हा टप्पा नाजूक आहे. पाणी पिऊन घ्या.

भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी, उजव्या स्टिअरिंगची हवी आणि ती मुंबईच्याच बंदरात उतरायला हवी. शेवटचं कलम तुमच्या सोयीचं आहे, कारण मामा डोंबिवलीला असतात. पहिलं नाही. सगळ्यात धाकटी आर-३४ देखील २००२ ची आहे.

धीर सोडू नका, दुसरं दार आहे. २०२५ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्या आणायला मुभा मिळाली. आधी १९५० पूर्वीच्याच चालत. म्हणजे आपल्याकडे गाडीने तीन वर्षांच्या आत तरी यावं, नाहीतर पन्नाशी उलटून तरी यावं. मधल्या वयाचं कुणी नको. अमेरिकेत हीच अट पंचवीस वर्षांची आहे, त्यामुळे तिथल्या पोरांना पहिल्या आर-३४ २०२४ मध्येच मोकळ्या झाल्या. तुम्हाला २०४९ ची वाट पाहायची आहे. सोसायटीचा ताबा मिळायची वाट पाहिलेल्या माणसाला एवढा संयम जमायला हरकत नाही.

समजा गाडी आजच आली असती, तरी इथे हरित लवाद उभा आहे. एनसीआरमध्ये पेट्रोल गाडीचं आयुष्य पंधरा वर्षं, यावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. २०२५ च्या अखेरीस न्यायालयाने थोडी सवलत दिली, ती बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना. आर-३४ त्यात बसत नाही. थोडक्यात, व्ही-स्पेक आणि एम-स्पेक यांच्यात पंचवीस वर्षांत जो निकाल लागला नाही, तो कायद्याने लावून दिला : दोघी भंगारच.

६. पन्नाशीच्या दाराने आत शिरा.
कायद्याचं इतकंच मनावर घेणार असाल तर १९६९ ची पहिली जीटी-आर, म्हणजे 'हाकोसुका' निवडा. नाहीतर १९७३ ची 'केनमेरी'. तिच्या १९७ च गाड्या निघाल्या, त्यामुळे मेव्हण्याने तीच घेऊन यायची भीती नाही.

नोंदणीला वीस हजार रुपये आणि 'व्हीए' अक्षरांची खास पाटी. ती गाडी रोजच्या वापराला मात्र चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची. यातला शेवटचा शब्द पुन्हा वाचा. पेट्रोल भरणं. कुठल्या पंपावर, हे नियमात लिहिलेलं नाही. यमुना एक्स्प्रेसवे १६५ किलोमीटरचा आहे आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला, आग्र्यातही, पंप आहेत. आग्र्याला पोचेपर्यंत टाकी रिकामी होते. परतीचं पेट्रोल भरा आणि घरी या. आल्यावर टाकी पुन्हा रिकामी असेल. नियम मोडल्याचा आरोप कुणी करू शकणार नाही.

७. 'कागज सब क्लियर है' म्हणणाऱ्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.
भूतानमार्गे आणलेल्या परदेशी गाड्यांच्या मागावर कस्टमने सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात 'ऑपरेशन नुमखोर' केलं आणि बड्याबड्यांच्या पोर्चमधून गाड्या उचलल्या. तुमच्याकडे पोर्च नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. तरीही कुणी आर-३४ दाखवलीच, तर चॅसिस क्रमांक बघा. 'बीएनआर-३४'ने सुरू होत असेल तर जीटी-आर. 'ईआर-३४' असेल तर ती साधी स्कायलाइन आहे. जीटी-आरचे कपडे घालून आलेली. हा फरक मोठ्याने सांगा आणि निघा. गाडी पकडली गेली तर ती त्याची, ज्ञान तुमचं.

८. गावातल्या देवाला विसरू नका.
जीटी-आर रीतसर शोरूममधून घ्यायची सोय या देशात एकदा झाली होती, आणि तिचं तीर्थक्षेत्र नोएडाच होतं. २०१६ च्या ऑटो एक्स्पोत, ग्रेटर नोएडाला, आर-३५ मांडली गेली. डिसेंबरात ती १ कोटी ९९ लाखांना विक्रीला आली, आणि तिच्या देखभालीसाठी निस्सानने खास हाय परफॉर्मन्स सेंटर उघडलं ते नोएडात. ३.८ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, ५७० पीएस. एकेक इंजिन एकेका कारागिराने हाताने जुळवलेलं आणि त्यावर त्याच्या नावाची पट्टी. पण 'ही खरी स्कायलाइन नव्हेच' असं म्हणायचं असतं, हे ध्यानात ठेवा. जी मिळते, ती खरी नसते.

आता तीही मिळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये, अठरा वर्षांत ४८ हजारांच्या आसपास गाड्या काढून, उत्पादन थांबलं. म्हणजे ती आजपासून तुम्हाला आवडू शकते. प्रीमियम, ब्लॅक एडिशन, टी-स्पेक, निस्मो यांच्यात नव्याने वाद सुरू करा.

पण आधी एक चाचणी. टेप घेऊन खाली उतरा. सोसायटीच्या गेटजवळ काळा-पिवळा रबरी गतिरोधक असेल, त्याची उंची मोजा. मग बेसमेंटचा उतार जिथे संपतो तिथे जा. काँक्रीटच्या कडेवर पांढरट ओरखडे दिसतील. ते शेजाऱ्यांच्या साध्यासुध्या सेडानांचे आहेत. आर-३५ जमिनीपासून जेमतेम अकरा सेंटिमीटर वर असते. तुम्ही ओणवे होऊन मोजत असताना गार्ड येईल.

"सर, कुछ गिर गया क्या?"

"नहीं भैया, जीटी-आर आनेवाली है."

"कौन से टॉवर में?"

त्याला टॉवर सांगा. तो वहीत लिहून घेईल. सगळ्या प्रक्रियेत तुमच्या गाडीची ही पहिली सरकारी नोंद.

९. पहिली खरेदी छोटी करा.
एकास चौसष्ट प्रमाणात सगळ्या आवृत्त्या मिळतात. ना लवाद, ना बंदर, ना आग्रा. पण खेळण्यातली गाडी सोपी असते, या भ्रमात राहू नका. पाकीट फोडलं की किंमत उतरते आणि नाही फोडलं की पोरगं रडतं. जाणकार दोन घेतात. घरी "एकच आहे" म्हणून सांगतात. पोराची गाडी दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी उभी राहते. तुमची कपाटात, सोवळ्यात.

एवढं सगळं झाल्यावर नवशिके हमखास विचारतात : मग शेवटी घ्यावी कोणती?

व्ही-स्पेक टू न्यूर, मिडनाइट पर्पलमध्ये. त्या रंगात ती निघालीच नव्हती, असं कुणीतरी लगेच सांगेल. सांगू द्या. जी मिळणारच नाही, तिच्यात तडजोड कशाला करायची?