आजारी माणसानंच किती लढायचं?

'राजीनामा लिहून दे, तुझ्याच भल्याचं आहे.'

केबिनचं दार बंद असतं. समोर दोघं-तिघं बसलेले असतात. कागद टाइप होऊन तयार असतो. तो ज्याच्यापुढे सरकवला जातो, त्या माणसाला आठवडाभर धड झोप लागलेली नसते. डॉक्टरांनी नुकताच गोळीचा डोस बदललेला असतो. त्याला फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचं असतं. तो सही करतो, आणि दुसऱ्या दिवसापासून कागदोपत्री त्यानं स्वखुशीनं नोकरी सोडलेली असते.

असले राजीनामे मी स्वखुशीचे मानत नाही. आजारी माणूस सर्वांत दुबळा असतो ती वेळ गाठून घेतलेली सही आहे ती. हे करणारे अनेकदा वाईट माणसंही नसतात, आपण त्याची सुटका केली असं त्यांना मनापासून वाटत असतं. पण तसं वाटल्यानं सही करणाऱ्याच्या घरातला पगार परत येत नाही.

मनोविकार हे कायद्यानं अपंगत्व ठरू शकतं, हेच अजून कित्येक ऑफिसांत कुणाला ठाऊक नाही. १९९५ च्या कायद्यातही ते होतं. त्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या डिसेंबरात मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या यादीतल्या २१ प्रकारांत मनोविकार आहे. चार दिवसांची उदासी त्यात बसत नाही. विचार, मनःस्थिती किंवा स्मरण यांवर मोठा परिणाम करणारा, रोजचं जगणं अडवणारा आणि दीर्घकाळ टिकणारा आजार त्यात बसतो. गंभीर नैराश्य, बायपोलर, ओसीडी, स्किझोफ्रेनिया असे आजार असलेली माणसं आपल्या शेजारच्या टेबलावर काम करत असतात. त्यांना वाजवी सोय नाकारणं हासुद्धा भेदभावच, असं या कायद्याच्या व्याख्येतच लिहिलं आहे.

कायदा आहे. मग अडतं कुठे?

अडतं ते असं, की हा हक्क मागायला जी ताकद लागते, नेमकी तीच हा आजार काढून घेतो. तारखा लक्षात ठेवा, मेल जपून ठेवा, मुद्देसूद अर्ज लिहा, साक्षीदार गाठा, साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोला. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणं जड जातंय, त्याच्याकडून आपण ही अपेक्षा करतो. शिवाय त्याच्याविरुद्धचा पुरावा त्याचा आजारच तयार करून ठेवतो. उशिरा आला, मेलला उत्तर दिलं नाही, मीटिंगमध्ये आवाज चढवला, न सांगता दोन दिवस गैरहजर. ही सगळी लक्षणं. फाइलमध्ये ती गैरवर्तन म्हणून जातात.

याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा एक मोठा निकाल आहे आणि तो प्रत्येक आस्थापना विभागाच्या भिंतीवर लागायला हवा. रविंदर कुमार धारीवाल विरुद्ध भारत सरकार. केंद्रीय राखीव पोलीस दलातला हा अधिकारी २००१ मध्ये नोकरीत आला. २००९ मध्ये त्याला ओसीडी आणि नैराश्य असल्याचं निदान झालं. २०१० मध्ये वरिष्ठांनी त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार केली, मारण्याच्या किंवा मरण्याच्या विचारांनी पछाडल्याचं तो बोलला, गोळी घालू शकतो अशी धमकी दिली, असं म्हणत. खात्याची चौकशी लागली. प्रकरण गौहाटी उच्च न्यायालयातून दिल्लीला पोचलं आणि १७ डिसेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं निकाल दिला.

आरोप किरकोळ नव्हते, हे मुद्दाम सांगते. हातात शस्त्र असलेल्या माणसाबद्दल सहकाऱ्यांना भीती वाटणं समजण्यासारखं आहे. न्यायालयानंही ती भीती झटकली नाही. त्या चौकशीची कारवाई रद्द करताना त्यांनी म्हटलं, की तो सध्याच्या कामाला योग्य ठरला नाही तर त्याला दुसरं काम द्या, पगार आणि सेवाशर्ती तशाच ठेवा, आणि त्या कामात शस्त्र हाताळावं लागणार नाही असं बघा. माणसाला बाहेर काढण्याऐवजी बंदूक बाजूला ठेवा, इतका सरळ मार्ग.

त्या निकालातलं तत्त्व त्याहून महत्त्वाचं आहे. गैरवर्तनाचं एकमेव कारण आजारच होता, हे कर्मचाऱ्यानं सिद्ध करायची गरज नाही. अनेक कारणांपैकी ते एक असलं तरी पुरे. मनोविकार असलेल्या माणसाला असं वर्तन घडण्याचा आणि म्हणून चौकशीत सापडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे अशी कारवाई सुरू करणं हाच अप्रत्यक्ष भेदभावाचा एक प्रकार आहे, असं न्यायालयानं मानलं.

२०१० ची चौकशी, २०२१ चा निकाल. सर्वोच्च न्यायालयापर्यंत अकरा वर्षं टिकून राहणारे किती असतील? बाकीचे पहिल्या मेमोलाच मोडतात.

सोय मागायला गेलं, की 'कार्ड दाखवा' हा एचआरचा पहिला प्रश्न असतो. म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, त्यावरचे टक्के. मनोविकाराचे टक्के आयडियाज नावाच्या मोजपट्टीनं काढतात. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं ती केली. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, आणि काम अशा चार गोष्टींना गुण, वर आजाराच्या कालावधीचे गुण. यात एक क्रूर गोष्ट घडते. जो दात-ओठ आवळून रोज कामावर जातो, त्याचे 'काम' या रकान्यातले गुण कमी भरतात, म्हणजेच अपंगत्व कमी दिसतं. ज्यानं नोकरी टिकवण्यासाठी सगळा जीव पणाला लावला, त्यालाच चाळीस टक्क्यांच्या खाली ढकललं जातं.

पण चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोय यांसाठी ती नाही. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात, ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं हे स्वच्छ केलं. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवारानं लेखनिक मागितला होता आणि चाळीस टक्क्यांचा नियम दाखवून तो नाकारला गेला होता. तेव्हा 'कार्ड नाही तर सोय नाही' हे उत्तर चुकीचं आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र घ्या, त्यात निदानापेक्षा गरज लिहून घ्या: औषधामुळे सकाळी गुंगी राहते, कामाची वेळ दोन तास पुढे हवी, रात्रपाळी नको, सूचना तोंडी न देता लेखी द्याव्यात. यातल्या कशाला पैसे लागतात? आणि लागले तरी दिव्यांग कायद्याच्या २०१७ च्या नियमांनुसार सोयीचा खर्च कर्मचाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

'उद्या सगळेच डिप्रेशन सांगून रात्रपाळी टाळतील.' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता राग येतो. जे सांगितल्यावर जमत आलेलं लग्न मोडतं, प्रमोशन हुकतं, कँटीनमध्ये शेजारची खुर्ची रिकामी राहू लागते, ते खोटं कोण सांगेल? लोक उलट लपवतात. मानसोपचाराला जाताना दातांच्या डॉक्टरचं नाव सांगतात. सांगितलं नाही तर साहेब म्हणतात, आम्हाला काय स्वप्न पडणार होतं का. सांगितलं तर दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम काढून घेतात.

मुदतीचंही तेच. अनुचित कामगार प्रथांविरुद्ध महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा तक्रारीला ९० दिवस देतो. पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, पण ते कारण पुन्हा त्या आजारी माणसानंच दाखवायचं. नैराश्याचा एक झटका तीन महिने सहज खातो. माणूस सावरून कागद शोधायला लागतो तेव्हा तारीख उलटलेली असते.

आणि सुनावणी! ओरडला तर 'बघा, आक्रमक आहे'. रडला तर 'ताण झेपत नाही'. गप्प बसला तर 'काही म्हणणं नाही'. औषधानं जीभ जड झाली आणि शब्द अडखळले, तर 'खोटं बोलतोय'. शांत, नीट बोलला तर 'याला काय झालंय, चांगला तर आहे'. कसंही वागला तरी तो हरणार, अशी ही खोली आहे. 'मानसिक रुग्णाच्या तक्रारीवर काय विश्वास ठेवायचा' असं म्हणणाऱ्यांनी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचावा. केवळ मनोविकार आहे म्हणून कुणाला वेडसर, अविचारी धरता येत नाही. ते ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा. तोच कायदा रुग्णाला आजाराच्या गोपनीयतेचा हक्कही देतो. चौकशीच्या फाइलसोबत त्याची प्रिस्क्रिप्शनं मजलाभर फिरवायची नसतात.

माझं मागणं एकच आहे. वाजवी सोय कामाच्या टेबलापाशी द्याच, पण ती तक्रारीच्या टेबलापासून सुरू करा. तक्रारदाराला सोबत माणूस आणू द्या, बहीण असो, युनियनचा कार्यकर्ता असो, मित्र असो, आणि त्याला बोलूही द्या. प्रश्न दोन दिवस आधी लेखी पाठवा. सुनावणी सकाळी नऊला लावू नका. मध्ये थांबायची मुभा द्या. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या अधिकाऱ्याला समोरासमोर बसवू नका. डॉक्टर सांगतील तेवढी मुदत वाढवा. आणि आजाराच्या रजेवर असलेल्या किंवा नुकत्याच परतलेल्या माणसाकडून केबिनमध्ये बसवून राजीनामा घेणं सरळ बंद करा. ज्यांनी असा राजीनामा दिला असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावं, की तो अमलात येण्याआधी सर्वसाधारणपणे मागे घेता येतो. एका ओळीचा मेल पुरतो. तो मेल लिहायचं बळ नसेल, तर घरातल्या कुणीतरी लिहावा आणि त्याला फक्त पाठव म्हणावं.

कायद्यातली एक खोट मात्र सांगायलाच हवी. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढू नये, पदावनती करू नये, जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या जागी न्यावं, तशी जागा नसेल तर अतिरिक्त पद निर्माण करावं, हे २०१६ च्या कायद्याचं विसावं कलम. अतिशय चांगलं. पण ते फक्त सरकारी आस्थापनांना बांधतं. तक्रार निवारण अधिकारी नेमून दोन आठवड्यांत चौकशी करण्याचं बंधनही सरकारी आस्थापनांनाच. हिंजवडीतल्या कंपनीत, चाकणच्या कारखान्यात, ठाण्याच्या कॉल सेंटरमध्ये बायपोलरचं निदान झालेल्या मुलीला हे कलम हात देत नाही. तिच्यासाठी भेदभावाविरुद्धचं सर्वसाधारण तिसरं कलम आहे आणि ते बजावून घेण्याची लांबची वाट आहे. ठेकेदाराकडच्या कामगाराचं आणि डिलिव्हरीच्या पोराचं तर विचारूच नका, त्याला उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं. विसावं कलम खासगी क्षेत्राला लागू करा, ही मागणी कामगार संघटनांनी पगारवाढीच्या मागणीइतक्याच जोरानं करायला हवी. ती अजून मला कुणाच्या मागणीपत्रात ठळक दिसलेली नाही.

एक गोष्ट खासगी कंपन्यांनाही बांधते. एकविसावं कलम. प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं आणि त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात सोयींचा तपशील आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूकही हवी. महाराष्ट्राचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. कायद्याचा भंग केला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत.

हे धोरण मागायला आजारी असावं लागत नाही. म्हणूनच हे काम मी आजारी माणसाला सांगत नाही, त्याच्या शेजारी बसणाऱ्या धडधाकट माणसाला सांगते. या सोमवारी तुमच्या एचआरला मेल टाका: आपल्या कंपनीचं समान संधी धोरण कुठे आहे, त्यात मनोविकाराचा उल्लेख आहे का, संपर्क अधिकारी कोण, आणि सुनावणीला सोबत माणूस आणता येतो का. चार ओळी, खाली तुमचं नाव. जमलं तर अजून दहा जणांची नावं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर तोच मेल जसाच्या तसा पुण्याच्या आयुक्तालयाकडे धाडा.