मोतीला ब्लूबेरी

१९३६ साली गांधीजी सेवाग्रामला येऊन साधेपणाने राहिले. त्याच वर्धा जिल्ह्यात आता हस्कीला ओटमील शाम्पू लागतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो ती गोष्ट वेगळी.

ग्रूमिंगवाल्याने शाम्पू निवडताना खरं तर कातडी बघावी. माणसाच्या त्वचेचा पीएच साधारण साडेपाच, कुत्र्याचा सातच्या आसपास. म्हणून मालकाची बाटली मोतीला चालत नाही. त्वचेला संसर्ग असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू, तोही धुण्याआधी दहा मिनिटं अंगावर ठेवून.

पण गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, वास कोणता?" मग ब्लूबेरी निघते. आपल्याहून हजारो पटींनी तीक्ष्ण नाक ज्याचं, त्याला विचारतो कोण? तो घरी पोचताच उकिरड्यावर लोळून लेखी नसला तरी स्पष्ट अभिप्राय देतो.