गुणवत्तेचा युक्तिवाद कसा करावा

आरक्षणाविरुद्ध गुणवत्तेचा युक्तिवाद करताना मोजणी कुठून सुरू करायची, हे आधी ठरवावे लागते. ती परीक्षागृहाच्या दारापासून करावी. दाराच्या अलीकडे आजोबांची पेन्शन, आईचे इंग्रजी, लातूरचा क्लास, अभ्यासाची वेगळी खोली आणि 'साहेबांच्या कानावर घालून ठेवतो' म्हणणारा मामा असतो. हे सगळे हिशेबात धरले की गुणपत्रिका एकट्या मुलाची राहत नाही.

इतिहास लागलाच तर १९९०च्या मंडल आयोगाच्या अंमलबजावणीपासून घ्यावा. कोणी त्यामागे नेलेच, तर शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२चा ५० टक्के राखीव जागांचा आदेश अभिमानाने सांगावा. महाराज सर्वांचेच आहेत. त्या आदेशाच्या कारणाकडे मात्र वळू नये. १८९४ साली महाराजांच्या हाती कारभार आला तेव्हा करवीर संस्थानातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. एवढी गुणवत्ता एकाच जातीत कशी साठली, असे एखादे आगाऊ पोर विचारू शकते.

'बाबासाहेबांनी दहाच वर्षे सांगितली होती' हे वाक्य हमखास चालते. दहा वर्षांची मुदत लोकसभा आणि विधानसभांतल्या राखीव जागांना होती, ती कलम ३३४मध्ये. नोकऱ्यांच्या कलम १६(४)ला मुदतच नाही. पण राज्यघटना सोबत घेऊन लग्नाला जाणारे पाहुणे थोडे, त्यामुळे धोका कमी.

'ऑपरेशन अशा डॉक्टरकडून करून घ्याल का?' हा प्रश्न आवाज खाली आणून विचारावा. राखीव जागेवरून आलेल्यालाही एमबीबीएस व्हायला तेवढेच गुण लागतात, हा तपशील गाळावा. खाजगी कॉलेजांतल्या मॅनेजमेंट आणि एनआरआय कोट्याचा विषय निघाल्यास चहा मागवावा. कमी गुणांना जातीचा दाखला जोडला तर तो अन्याय, चेक जोडला तर ती सोय, हा या शास्त्राचा पाया आहे. तो उघडा पडू देऊ नये.

'हल्ली जात कोण मानतो?' हे शेवटासाठी राखून ठेवावे. मात्र त्या वेळी घरात स्थळे पाहणे चालू नसावे. बायोडाट्यात पोटजातीचा रकाना असतो, आणि पाहुण्यांना वाचता येते.

'आरक्षण आर्थिक निकषावर द्या' ही मागणी २०१९पर्यंत उत्तम चालत होती. त्या वर्षी १०३वी घटनादुरुस्ती होऊन ती बऱ्याच अंशी मान्य झाली, आणि २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ती दुरुस्ती वैध ठरवली. त्यानंतर गुणवत्तेबद्दल बोलताना या १० टक्के आर्थिक कोट्याचा उल्लेख टाळण्याचा प्रघात आहे. या कोट्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधल्या गरिबांना त्यात जागा नाही.