शंभर व्होल्टांचा मुलूख

परदेशी वास्तव्यास निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानाची एखाद्या साक्षेपी संशोधकाने झडती घेतली, तर पासपोर्ट, पदव्यांचे दाखले आणि कुलदैवताचा टाक यांच्या खालोखाल, आणि वजनाच्या दृष्टीने पाहिल्यास या सर्वांच्या कितीतरी वर, ज्या वस्तूचा मान त्यास आढळेल ती वस्तू म्हणजे मिक्सर होय. भाषा परकी चालते, हवा परकी चालते, फार काय, सूनही परकी चालून जाते. परंतु ओल्या नारळाची चटणी परक्या यंत्रात वाटली जावी, ही गोष्ट आमच्या गृहिणीवर्गाच्या अंतःकरणास अद्याप मानवलेली नाही. तेव्हा आमच्या चिरंजीवांची बदली टोकियोस झाली आणि नातवाच्या संगोपनाचा अखत्यार देऊन आम्हा उभयतांस तिकडे पाचारण करण्यात आले, त्या वेळी सौभाग्यवतींनी सामानाच्या यादीत पहिली नोंद कोणती केली, हे सांगण्याचे कारण नाही. ज्या देशाने एके काळी आमच्या आळीतल्या दिवाणखान्यादिवाणखान्यांतून टेपरेकॉर्डर आणि टेलिव्हिजन धाडले, त्या देशात पुण्याहून विजेचे यंत्र नेणे म्हणजे काशीस निघताना कावडीत गंगाजल भरून नेणे होय, असे मी सुचवून पाहिले.

"त्यांची यंत्रं गाणी म्हणत असतील," सौभाग्यवती म्हणाल्या, "पण भिजवलेली डाळ त्यांनी बापजन्मी पाहिली आहे का?"

विमानवाल्यांनी दर बॅगेस २३ किलोंची मर्यादा घातलेली असल्यामुळे काट्यावर चढउतार बरीच झाली, आणि अखेर माझे दोन लोकरी कोट व ज्ञानकोशाचा एक खंड हद्दपार होऊन त्यांच्या जागी साडेसातशे वॅटचा मिक्सर तीन भांड्यांसह, हजार वॅटची इस्त्री आणि पाणी तापवण्याची दीड हजार वॅटची कांडी ही त्रयी रुजू झाली. कोट तिकडे मिळतात, असे मला सांगण्यात आले.

टोकियोच्या पूर्व अंगास एदोगावा नावाचा पेटा आहे आणि त्यात निशी-कासाई नावाची वस्ती आहे. ओतेमाचीच्या कचेऱ्यांकडे जाणारी तोझाई मार्गाची गाडी येथून थेट मिळत असल्यामुळे संगणकाच्या कामावर आलेल्या भारतीय कुटुंबांनी ही वस्ती अशी पसंत केली आहे, की संध्याकाळी स्थानकाबाहेर उभे राहिले असता मराठी, तेलुगू आणि तामिळ या भाषा कानी पडतात आणि त्यांच्यामधून जपानी माणसे वाट काढीत, मान लववीत, आपल्याच गावात पाहुण्यासारखी जाताना दिसतात. येथे तूरडाळ मिळते, हिंग मिळतो, कढीपत्तासुद्धा मिळतो. म्हणजे वाटावयाचे सर्व साहित्य सिद्ध होते. अडचण वाटण्याची होती.

आमच्या प्लगास तीन गोल पिना असतात आणि त्यांतील एक, जमिनीशी संबंध राखणारी, गावच्या पाटलासारखी जाडजूड व इतरांहून पुढे आलेली असते. जपानी भिंतीवर पाहावे तो दोन बारीक उभ्या फटी, त्याही इतक्या अरुंद की आमच्या पाटलाने तेथे नुसते डोकावावे म्हटले तरी शक्य नाही. हा आकाराचा तंटा एका टीचभर अ‍ॅडॉप्टरने मिटला; परंतु आकार मिटल्यावर तत्त्वाचा प्रश्न उभा राहिला. आमची वीज २३० व्होल्टांची, ब्रिटिश अमदानीपासून अंगात रग असलेली, ओल्या हाताने बटणाला शिवणाऱ्यास जन्माची अद्दल घडवणारी. जपानची वीज १०० व्होल्टांची. इतका अल्प दाब जगाच्या पाठीवर क्वचितच आढळतो, आणि ज्या देशात रस्त्यावर कोणी कोणाशी चढा आवाज काढीत नाही, तेथे विजेने तरी का काढावा, असे हे पाहून वाटल्यावाचून राहत नाही.

दाब २३० चा १०० झाला म्हणजे कांडीची धग निम्म्याहून थोडी खाली येईल, असे त्रैराशिकावर भिस्त ठेवणाऱ्या माणसास वाटेल. परंतु उष्णता ही दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे, पुण्यात दीड हजार वॅटचा रुबाब मिरवणारी आमची कांडी टोकियोत तीनशे वॅटनाही पोहोचेना. ज्या बादलीस घरी पाव तास पुरतो तिला येथे सव्वा तास लागू लागला. त्या अवधीत शेजारच्या न्हाणीघरातील गॅसच्या यंत्रातून कोणी अदृश्य बाई मंजुळ स्वराने स्नानाचे पाणी सिद्ध झाल्याची वर्दी देत असे, आणि ते पाणी टाकून आम्ही आमच्या बादलीत वारंवार बोट बुडवून पाहत असू, कारण प्रश्न पाण्याचा राहिला नसून निष्ठेचा झाला होता. इस्त्रीने तर वैराग्यच पत्करले: सदऱ्यावरून ती फिरली की सदऱ्यास ऊब येई, सुरकुती जात नसे. फक्त मोबाइलचे चार्जर तेवढे पहिल्या दिवसापासून निर्धास्त होते. त्यांच्या पाठीवर १०० ते २४०, पन्नास वा साठ, असे बारीक अक्षरांत कोरलेले असते. कोणतीही राजवट आली तरी त्यांची नोकरी कायम.

मिक्सरची मोटर मात्र स्वभावाने मानी. रिकाम्या भांड्यावर ती फिरली, थोडी मंद, पण फिरली. डाळ पडताच मात्र तिने एक दीर्घ हुंकार दिला, पाते अर्ध्या वेढ्यावर थबकले, आणि तापलेल्या वार्निशाचा तो वास, जो आपल्याकडे कोणत्याही गृहिणीस घराच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येतो, स्वयंपाकघरात पसरला. सूनबाईंनी धावत जाऊन प्लग ओढला. "आई, याला ट्रान्सफॉर्मर लागेल," ती म्हणाली. "मग आणा," सौभाग्यवतींनी हुकूम दिला.

ट्रान्सफॉर्मर अकिहाबाराच्या बाजारात मिळतो. महायुद्धानंतर रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्यांच्या पालांतून वाढलेली ही पेठ आज जगप्रसिद्ध आहे, आणि तिच्यात मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटलेली दुकाने म्हणजे परदेशी गिऱ्हाइकांसाठी २२० व्होल्टांचे भातकुकर वेगळे मांडून ठेवणारी. म्हणजे आमचीच व्याधी उलट दिशेनेही वाहते आहे! जपानी माणसासाठी बनवलेला शंभर व्होल्टांचा कुकर जर कोणी भाबडेपणाने पुण्यास आणून भिंतीत खुपसला, तर त्याच वर्गाच्या नियमाने त्याच्या अंगी पाचपटीहून अधिक धग संचारते, आणि भाताचे काय होते हे पाहण्यास तो कुकर शिल्लक राहत नाही. दुकानातील तरुणाने कमरेत वाकून विचारले की, यंत्र कोणते आहे आणि ते काय करते. चिरंजीवांनी जपानीत सांगितले. तरुणाने पुन्हा वाकून आत जाऊन लोखंड आणि तांबे यांचा एक निळा ठोकळा दोन्ही हातांनी आणला, आणि तो खाली ठेवताना त्याच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटली ती धंद्याच्या शिष्टाचारापलीकडची होती. साडेसातशे वॅटच्या मोटरीला सुरू होताना बसणारा हिसका जमेस धरून दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. तसा तो घेतला असता त्याचे वजन बारा-पंधरा किलो भरते. म्हणजे चटणी वाटण्याच्या यंत्राहून ते यंत्र चालवणारे यंत्र दुपटीहून अधिक जड. हिबिया मार्गाने कायाबाचो, तेथे जिने उतरून तोझाई मार्ग, असा तो ठोकळा आम्ही पितापुत्रांनी आळीपाळीने वाहून नेला, आणि त्या गच्च भरलेल्या निःशब्द डब्यात एकाही इसमाने आमच्याकडे मान वळवून पाहिले नाही. पुणे-लोणावळा लोकलमध्ये एवढ्या वेळात त्याची किंमत, कंपनी, आणि याहून स्वस्त कोठे मिळाला असता, एवढी चौकशी सहज पुरी झाली असती.

त्या दिवसापासून मिक्सर चालू लागला, आणि घर बंद पडू लागले. टोकियोत वीजकंपनीशी घराघराचा अ‍ॅम्पिअरांचा करारनामा असतो: दहापासून साठापर्यंत जेवढ्या अ‍ॅम्पिअरांची सनद घ्यावी तेवढा स्थिर आकार चढता, आणि मर्यादा ओलांडली की साऱ्या घराचा पुरवठा एका खटक्यासरशी तहकूब. आमच्या बिऱ्हाडाची सनद तीस अ‍ॅम्पिअरांची होती. दाब कमी म्हणजे त्याच कामास प्रवाह अधिक, या न्यायाने खोली ऊबदार राखणारे यंत्र, मायक्रोवेव्ह आणि ट्रान्सफॉर्मरारूढ मिक्सर एकत्र आले की अंधार ठरलेला. यावर सौभाग्यवतींनी जी जमाबंदी केली ती पाहून माझ्या जुन्या खात्यातील कोणीही मान डोलावली असती. सकाळी साडेसातपर्यंत उबेचा अंमल. नंतर खोली गार करून पाऊण तास मिक्सरचा. दूध तापवावयाचे असल्यास अर्ज तत्पूर्वी. चमत्कार असा की दोनशे व्होल्टांची वीज त्याच घरात नांदत होती. जपानात घरापर्यंत तारा तीन येतात आणि त्यांतून मोठ्या यंत्रांस दोनशे व्होल्ट देता येतात. आमच्या दिवाणखान्यात छताजवळ, आडव्या फटींच्या एका विक्षिप्त सॉकेटात, ती मोठ्या वातानुकूलन यंत्राच्या दिमतीस राखून ठेवलेली होती. सौभाग्यवती तिच्याकडे रोज पाहत. चिरंजीवांनी स्टूल कुलपात ठेवले.

मिक्सरचा आवाज हे आणखी एक प्रकरण. त्याविषयी इमारतीच्या उद्वाहकात एक सूचना लागली, आणि ती जपानी शिष्टाचाराचा नमुना म्हणून जतन करावी अशी होती. कोणाचे नाव नाही, मजला नाही, तक्रार तर नाहीच. काही रहिवाशांस प्रातःकाळी एका विशिष्ट ध्वनीविषयी कुतूहल वाटत असण्याचा संभव आहे, आणि त्याबद्दल सर्वांनी मिळून विचार करावा, एवढेच. त्या दिवशी उद्वाहकात भेटलेला प्रत्येक शेजारी आम्हास नेहमीपेक्षा अधिक वाकून नमस्कार करीत होता.

इतके सारे स्थिरस्थावर झाल्यावर चिरंजीवांची बदली ओसाकास झाली. "बाबा," तो म्हणाला, "तिकडे हर्ट्‌झ वेगळे आहेत." मला ही थट्टा वाटली, परंतु ती मेइजी काळापासून चाललेली वस्तुस्थिती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोच्या वीजकंपनीने जनित्रे जर्मनीहून, आएगे कंपनीकडून, मागवली, ती सेकंदास पन्नास आवर्तनांची; ओसाकावाल्यांनी ती अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून आणली, ती साठांची. दोघांनी आपापल्या बाजूस तारा वाढवीत नेल्या, आणि शिझुओका प्रांतातील फुजी नदीपासून उत्तरेकडील इतोइगावापर्यंत एक अदृश्य सरहद्द तयार झाली, ती आजतागायत आहे. एक सम्राट, एक भाषा, एक नाणे, आणि वारंवारता मात्र दोन! वारंवारतेवर चालणारे जुने विजेचे घड्याळ टोकियोहून ओसाकास नेल्यास तासाला बारा मिनिटे पुढे धावते. ही सरहद्द नेहमीच विनोदाचा विषय नसते. मार्च २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामीनंतर पूर्वेकडील वीजकेंद्रे बंद पडली, तेव्हा पश्चिमेकडे वीज असूनही ती इकडे धाडता येईना. एका वारंवारतेचे दुसरीत रूपांतर करणारी केंद्रे अवघ्या दहा लाख किलोवॅटांची होती. टोकियोच्या परिसरात त्या वेळी पाळीपाळीने वीज बंद ठेवावी लागली, म्हणजे आपण ज्यास भारनियमन म्हणतो तेच.

आमच्यापुरता परिणाम असा झाला की, पुण्याच्या मिक्सरला सरहद्दीची काहीच पर्वा नव्हती, कारण कार्बनच्या ब्रशांवर फिरणाऱ्या त्याच्या मोटरीस पन्नास काय नि साठ काय, दोन्ही सारखेच; उलट टोकियोत घेतलेला अस्सल जपानी मायक्रोवेव्ह केवळ पन्नासांचा निघाला. स्वस्त मायक्रोवेव्ह कित्येकदा तसे असतात, आणि दोन्ही बाजूंस चालणाऱ्यास येथे 'हर्ट्‌झ-फ्री' असे अभिमानाने म्हणतात. त्याच्या विसर्जनासाठी नगरपालिकेकडे वर्दी देऊन तारीख मागून घ्यावी लागली, दुकानातून शुल्काची चिठ्ठी आणून चिकटवावी लागली, आणि नेमल्या सकाळी त्यास दाराशी ठेवावे लागले. टोकियोत तीस सेंटिमीटरांहून मोठ्या वस्तूस यांखेरीज मुक्ती नाही.

"पाहिलंत?" सौभाग्यवती म्हणाल्या. "त्यांचंच त्यांच्याकडे चालेना."

शिनकानसेनमध्ये उजव्या अंगाच्या खिडक्यांकडे बसलेले सारे प्रवासी फुजी पर्वताचे शुभ्र शिखर दिसताच उभे राहिले, कॅमेरे सरसावले गेले, लहान मुले उचलून धरली गेली. सौभाग्यवती मांडीवर मिक्सरचे खोके घेऊन खाली नदीकडे पाहत होत्या. पूल ओलांडला गेला. गाडीचा वेग तिळमात्र बदलला नाही; कारण ही गाडी टोकियोपासूनच साठ आवर्तनांवर चालते. १९६४ साली हा मार्ग सुरू झाला तेव्हाच रेल्वेने पूर्वेकडील टापूत वारंवारता बदलून घेण्याची आपली सोय आपण करून ठेवली आहे. प्रजेने आपली आपण करावी.

ओसाकास अ‍ॅम्पिअरांची सनद नाही. तेथील कंपनी एक किमान आकार घेते आणि पुढे वापराल तेवढे मोजते. यावरून ओसाकाची माणसे सढळ हाताची असल्याचा निर्वाळा सौभाग्यवतींनी पहिल्याच आठवड्यात दिला, आणि पुढील अनुभवाने मला तो नाकारता आलेला नाही. तेथील बाजारात त्यांना सुरीबाची सापडली. ही मातीची खोलगट वाडगी असते, आतून खरखरीत रेघा ओढलेली, आणि तीळ वाटण्यासाठी तिजबरोबर लाकडी दांडा मिळतो. तिळाची चटणी तिच्यात इतकी सुरेख होते की मिक्सरच्या चटणीस ती सर नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात ते अद्याप मांडलेले नाही. पुढे सूनबाईंच्या बहिणीने अमेरिकेहून येताना, तिकडच्या भारतीयांसाठी आपल्या दक्षिणेतील कारखाने बनवतात तो ११० व्होल्टांचा मिक्सर आणला. तो येथे किंचित सुस्त चालतो, परंतु डाळ वाटतो. पुण्याचा मिक्सर आमच्याबरोबर सुखरूप पुण्यास परत आला.

ट्रान्सफॉर्मर मात्र ओसाकास चिरंजीवांच्या व्हरांड्यात आहे. तो उत्तम चालू स्थितीत असून पूर्व आणि पश्चिम दोन्ही जपानांत उपयोगी पडतो. वाचकांपैकी कोणी मिक्सर घेऊन त्या मुलखात निघाले असल्यास त्यांनी तो अवश्य न्यावा. मोबदला काही नको. फक्त हातगाडी स्वतःची आणावी, आणि एकट्याने येऊ नये.