स्वस्ताईचा निषेध असो!

महागाईवर बोलायला ओळख लागत नाही. लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, रक्त तपासायच्या रांगेत, कुठेही शेजारच्या माणसाकडे बघून ‘टोमॅटो काय झालाय हो!’ एवढं म्हटलं की पुढचा अर्धा तास निश्चिंत. मतभेदाचा धोका नाही. विरोधी पक्षांचे कार्यकर्तेसुद्धा या विषयावर एकमेकांना टाळी देतात. सरकार कोणाचं आहे त्यावरून फक्त कोणाचा आवाज चढा हे ठरतं. पण याच गप्पांत एखाद्याने सहज म्हणून बघावं, ‘फोन मात्र चांगलाच स्वस्त झाला, नाही?’ सुतकाच्या घरात पेढे वाटल्यासारखे सगळे त्याच्याकडे बघतात.

आमच्या सोसायटीच्या खजिनदारांना गोडेतेलाचा, पेट्रोलचा आणि सोन्याचा दर सालवार पाठ आहे. साल तुम्ही सांगा, भाव ते सांगतील, वर उसासा फुकट. घड्याळाचा, कॅमेऱ्याचा किंवा विजेच्या दिव्याचा जुना भाव विचारला की म्हणतात, ‘असल्या फालतू गोष्टी कोण लक्षात ठेवतो?’

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि मुंबईच्या बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. कारण खरं होतं. दुष्काळ होता, धान्य-तेल-रॉकेलसाठी जीव टांगणीला लागला होता. त्या लाटण्याचा धाक अजून आहे. मात्र काही स्वस्त झालं म्हणून कोणी हातात एलईडी बल्ब घेऊन मंत्रालयावर गेल्याचं ऐकिवात नाही. आपला हिशेबच तसा पक्का आहे. भाव वाढला तर सरकार नालायक, पगार वाढला तर आपण हुशार, आणि भाव उतरला तर माल डुप्लिकेट.

(स्वस्ताईविरुद्ध मोर्चा निघतो तो लासलगावकडे, कांदा मातीमोल झाल्यावर. तो रास्तच असतो, कारण ती स्वस्ताई शेतकऱ्याच्या खिशातून जाते. त्या वेळी शहरातले आपण गुपचूप पाच किलो जास्त घेऊन ठेवतो आणि त्या महिन्यात महागाईवर फारसं बोलत नाही.)

तर फोन. ट्रंक कॉल ज्यांनी केलाय त्यांनी पुढची चार वाक्यं सोडली तरी चालतील. आधी एक्स्चेंजला सांगून नंबर बुक करायचा आणि मग घरातल्या एकाने त्या काळ्या यंत्राजवळ पहारा द्यायचा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा तीन प्रती असत. लाइटनिंगचा आकार साध्याच्या आठपट. म्हणजे घरात कोणी गेल्याशिवाय तो शोभत नसे. सरळ नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय देशात १९६० साली कानपूर-लखनौच्या दरम्यान सुरू झाली, पण आपल्या गल्लीत एसटीडी खरी आली ती पिवळ्या पाटीच्या बूथबरोबर. लाकडी खोपटं, काचेचं दार, आत बंद पडलेला एवढासा पंखा आणि डोळ्यांसमोर लाल आकडे पळवणारं मीटर. रात्री दर निम्मा व्हायचा, आणखी उशिरा पाव. त्यामुळे अमरावतीच्या सासूबाईंची तब्येत पुण्यातल्या जावयाला नेमकी झोपायच्या वेळी आठवायची. बूथबाहेर लेंगा-बनियनमधली मंडळी नंबराच्या चिठ्ठ्या घेऊन उभी. आत शिरलेला माणूस बोलायचा फोनवर, बघायचा मीटरकडे. ‘सगळे बरे. पाऊस आहे. बाबांचं ऑपरेशन झालं. मंगूचं जमलं. ठेवतो!’ चार वाक्यांत पाऊस, शस्त्रक्रिया आणि सोयरीक. मग ते यंत्र करकरत कागदाची चिंधी बाहेर काढायचं आणि शेवटचा पल्स रिसीव्हर ठेवल्यावर पडला की आधी, यावर खरं लांबलचक बोलणं व्हायचं. ते फुकट होतं.

मग मोबाइल आला. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला फोन लावला. त्या काळी मिनिटाला आठ ते सोळा रुपये पडत आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जात. त्यामुळे मोबाइलधारक नावाचा प्रतिष्ठित इसम खिशात फोन वाजला की तो कानाला न लावता नुसता नंबर बघायचा आणि रुपयाचं नाणं शोधत पानवाल्याच्या डबड्याकडे धावायचा. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. २००६ मध्ये एका रुपयात मिनिटभर देशात कुठेही बोलता येऊ लागलं, २००९ मध्ये सेकंदाला पैसा हा हिशेब आला, आणि २०१६ च्या सप्टेंबरनंतर तर बोलण्याचे वेगळे पैसे घेणं कंपन्यांनाच लाजिरवाणं वाटू लागलं. उरला डेटा. २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडत होते, ते पुढे दहाच्या आसपास आले. सोनं असं उतरलं असतं तर निम्म्या महाराष्ट्राने अंथरूण धरलं असतं.

‘तेव्हा बोलण्याला किंमत होती,’ खजिनदार म्हणतात. होतीच. ती बिलावर छापून यायची.

खजिनदारांचं दुःख निराळं आहे, आणि ते समजून घ्यायला त्यांच्या लहानपणीच्या चाळीत जावं लागेल. लोक अर्ज करून वर्षानुवर्षं फोनची वाट बघत तेव्हा त्यांच्याकडे फोन होता. त्यावर भरतकामाचं झाकण होतं आणि डायलच्या भोकात छोटं पितळी कुलूप. अख्खी चाळ पी.पी. नंबर म्हणून त्यांचाच नंबर द्यायची. शेजारीण फोन करायला आली की खजिनदारांच्या आई हातातलं काम टाकून समोर बसायच्या. ऐकायला नव्हे, मोजायला. कोणाच्या मुलीला कुठून नकार आला हे सगळ्यात आधी या घराला कळायचं. एवढी मोठी सत्ता बघता बघता गेली आणि तिचा साधा मृत्युलेखही कुठे आला नाही. आज त्यांच्याकडे आहे तोच फोन लिफ्टच्या मेकॅनिककडे आहे. मेकॅनिककडचा कॅमेरा जरा बराच आहे. ही खरी बोच आहे. महागाई आपण दात-ओठ खाऊन सोसतो. स्वस्ताईला मात्र क्षमा नाही, कारण ती आपल्याकडचं काही घेत नाही, फक्त दुसऱ्यालाही देते.

तसं नसतं तर ‘हल्ली विमानतळाचं पार एसटी स्टँड झालंय’ हे वाक्य जन्मालाच आलं नसतं. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढली, काही तिकिटं एक रुपयाला विकली आणि शुभंकर म्हणून आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन घेतला. धोतर आणि चौकड्यांचा कोट घालून कित्येक वर्षं मुकाट्याने सगळं सोसणारा तो गृहस्थ एकदाचा विमानात चढला, तर आतले जुने प्रवासी नाक मुरडून म्हणतात, हा डबा उघडून चपात्या खातो. जणू ढगांच्या वर मेतकूट-भाताला बंदी आहे. एसटी स्टँडवर माणसं असतात, गाठोडी असतात, निरोप द्यायला आलेली म्हातारी रडत असते, यापलीकडे या वाक्यात नेमकी तक्रार काय आहे, हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.

घड्याळाचंही तेच झालं. १९६९ च्या नाताळात जपानमध्ये सेकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, किंमत साडेचार लाख येन. तेवढ्यात टोयोटाची कोरोला मोटार येत होती. आज तेच तंत्र जत्रेत खेळण्याच्या भावात मिळतं आणि वेळही बरोबर दाखवतं. पण लग्नात जावयाला एचएमटी मिळाली नाही म्हणून रुसण्याची जी सोय होती, ती गेली. आता रुसायचं तर थेट मोटारीवरून रुसावं लागतं आणि ते वधूपित्याला जड जातं.

एका गोष्टीबद्दल मात्र थट्टा करवत नाही. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आपल्या घरी मनिऑर्डर करायचा, तेव्हा पोस्ट दर वीस रुपयांमागे एक रुपया घ्यायचं. शंभर पाठवायचे तर पाच रुपये वर. श्रीमंत माणूस बँकेतून ड्राफ्ट काढी. पैसे पाठवायचा सगळ्यात महाग रस्ता ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे त्याच्यासाठी राखून ठेवलेला होता. फॉर्मच्या तळाशी निरोपापुरती चिंचोळी जागा असे. तिच्यात ‘आवशीक औषध हाड’ एवढं मावे. जे मावत नसे ते गावाक गेल्यावर. पोस्टमन आठ-दहा दिवसांनी डोंगर चढून यायचा, म्हातारीचा अंगठा घ्यायचा, नोटा मोजून द्यायचा आणि चहा होईपर्यंत बसायचा. चहाबरोबर सुटे पैसेही व्हायचे. आता तिचा नातू डोंबिवलीत बसून बोट फिरवतो, पैसे त्याच क्षणाला जातात आणि पाठवणावळ शून्य. यावर खजिनदारांचं मत असं की त्या पोस्टमनमध्ये जिव्हाळा होता. असेल. पण त्या जिव्हाळ्याचा पाच टक्के दर कोण भरत होतं, हे म्हातारीला विचारायला हवं होतं.

मग महाग काय झालं? तर माणूस. १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी नाटक-संगीताचा जमाखर्च मांडताना ही गोम पकडली. आपण आपलं उदाहरण घेऊ. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं, तेव्हा दुष्यंताला एक नट लागला. आजही एकच लागतो. गिरणीत एक माणूस पूर्वीच्या शंभरांचं कापड काढतो, पण अर्धा दुष्यंत ठेवून पूर्ण प्रयोग होत नाही. कापडवाल्याचा पगार वाढला की दुष्यंताचाही वाढवावा लागतो, नाहीतर तो कापडाच्या धंद्यात जातो. न्हावी, शिक्षक, नर्स, गवंडी, सगळ्यांचं तसंच. म्हणून टीव्ही उतरत गेला आणि तो दुरुस्त करायला येणारा चढत गेला, आणि आता तो येतो, मागचं झाकण उघडतो, हळहळतो आणि म्हणतो, ‘साहेब, नवीनच घ्या.’ एवढं म्हणायचे तो पाचशे घेतो.

हे सगळं खजिनदारांना कळतं. फक्त त्यांच्याकडच्या मावशींनी दिवाळीनंतर दोनशे वाढवून मागितले की अर्थशास्त्र संपतं आणि संस्कृती सुरू होते. ‘यांच्याकडे स्मार्टफोन आहेत हो!’ म्हणजे फोन स्वस्त झाला, हे त्यांनी या एका ठिकाणी मान्य केलंय.

आता राहिला दिवा. सरकारी खरेदीत एलईडी बल्ब २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडत होता, तो दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला. उजाला योजनेत असे छत्तीस कोटींहून अधिक बल्ब देशभर गेले. त्यातले काही आमच्या जिन्यात आले. पूर्वी तिथे साठ वॅटचे पिवळे बल्ब होते, चोरीला जाऊ नयेत म्हणून तारेच्या पिंजऱ्यात ठेवलेले. आता नऊ वॅटचे आहेत आणि कोणी चोरत नाही, ही त्यांची आणखी एक बेअब्रू. सामायिक विजेचं बिल खाली आलं. पुढच्या वार्षिक सभेत शिल्लक दिसली आणि शिल्लक दिसताच सभासद अस्वस्थ झाले.

जेव्हन्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८६५ मध्येच लिहून ठेवलंय की यंत्रं कमी कोळशात चालू लागली की देशाचा कोळसा वाचत नाही, उलट जास्त जळतो. त्याने आमची सोसायटी पाहिली नव्हती. पहिल्या वर्षी फाटकाच्या खांबांवर दिवे आले. दुसऱ्या वर्षी नारळाच्या दोन्ही झाडांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत निळ्या माळा गुंडाळल्या. तिसऱ्या वर्षी कुंपणावर ‘आय लव्ह’ आणि पुढे सोसायटीचं नाव अशी लाल बदामासकट पाटी लागली. तिच्यातला बदाम आठवड्यात गेला; तो बदलायला येणारा माणूस अर्थातच पाचशे घेतो. बिल पुन्हा पिवळ्या बल्बांच्या काळातल्या आकड्यावर गेलं आणि खजिनदारांच्या चेहऱ्यावर ओळखीचं समाधान परतलं.

गेल्या सभेत त्यांनी मेंटेनन्स दहा टक्क्यांनी वाढवण्याचा ठराव मांडला. कारण म्हणून ‘वाढती महागाई’ असं लिहिलंय. ठराव एकमताने मंजूर झाला. पहिल्या मजल्यावरच्या सभासदांनी नारळाचा निळा उजेड रात्रभर थेट बेडरूममध्ये येतो अशी लेखी तक्रार दिली होती, तीही पटलावर आली. बरीच चर्चा होऊन असं ठरलं की माळा काढायला माणूस लावणं परवडणार नाही, सबब सदर सभासदांनी जाड पडदे लावावेत. आणि असे पडदे स्वस्तात कुठे मिळतात, याची चौकशी खजिनदारांनी करावी.